अंतरात्म्याचा आवाज आणि जॉन एवर्ड्स

2004 ची अमेरिकन निवडणूक, बुश विरुद्ध केरी. मिनेसोटा राज्य केरीने जिंकलं होतं आणि राज्याची 10 इलेक्टोरल मतं होती, म्हणजे दहाच्या दहा केरीला, सरळ हिशोब. डिसेंबरमध्ये हे दहा इलेक्टर जमले, चिठ्ठ्या टाकल्या, मोजल्या तर केरीला 9 आणि दहावी चिठ्ठी ‘जॉन एवर्ड्स’ नावाच्या कुणाला तरी. असा उमेदवारच नव्हता! उपाध्यक्षपदाला जॉन एडवर्ड्स होते, त्यातला ‘ड’ खाल्ला होता, आणि त्यांचं नाव राष्ट्राध्यक्षाच्या चिठ्ठीवर पडलं होतं. मतदान गुप्त, त्यामुळे कोणी केलं ते आजपर्यंत बाहेर आलेलं नाही, दहापैकी एकानेही हात वर केला नाही. बहुधा कुणीतरी गडबडीत चुकीच्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. पण अधिकृत रेकॉर्डमध्ये ते मत तसंच आहे आणि टाकणारा कायमचा ‘फेथलेस इलेक्टर’ झाला.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत लोक नोव्हेंबरमध्ये मत देतात ते थेट राष्ट्राध्यक्षाला जात नाही, ते त्या पक्षाने निवडलेल्या इलेक्टर लोकांना जातं. एकूण 538 इलेक्टर, जिंकायला 270. बहुतेक राज्यांत जो पक्ष जिंकतो त्याचे सगळे इलेक्टर निवडून येतात, आणि डिसेंबरमध्ये ते आपापल्या राज्यात जमून खरं मतदान करतात. हे इलेक्टर कोण, तर पक्षाचे जुने कार्यकर्ते, देणगीदार, स्थानिक पदाधिकारी. खासदाराला तर इलेक्टर होताच येत नाही, राज्यघटनेतच मनाई आहे. बहुतेक ठिकाणी मतपत्रिकेवर यांची नावंसुद्धा नसतात. तर असा एखादा इलेक्टर ज्याच्या नावावर निवडून आला त्याला सोडून भलत्यालाच मत देतो तेव्हा तो फेथलेस.

मूळ कल्पना वाईट नव्हती म्हणा. घटनाकारांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनने 1788 मध्ये लिहून ठेवलंय की सारासार विचार करू शकणारी मोजकी माणसं शांतपणे बसून निवड करतील, म्हणजे कुणी नुसता लोकांना भुलवणारा माणूस त्या खुर्चीवर बसणार नाही. कागदावर झकास. पण वॉशिंग्टन बाजूला झाले, पक्ष तयार झाले, आणि 1796 ला लगेच पहिला झटका. पेनसिल्व्हेनियाचा सॅम्युअल माइल्स, अ‍ॅडम्सच्या फेडरलिस्ट पक्षाचा म्हणून निवडून आला आणि मत दिलं जेफरसनला. त्यावर एका चिडलेल्या मतदाराचं पत्र पेपरात छापून आलं, त्याचा मथितार्थ असा की अ‍ॅडम्स की जेफरसन हे माझ्या वतीने ठरवायला मी माइल्सला निवडलं काय? मी त्याला काम करायला निवडलं, विचार करायला नाही! म्हणजे घटना लागू होऊन दहा वर्षंही झाली नव्हती आणि लोकांनी हॅमिल्टनची आयडिया मोडीत काढली होती. ढाचा मात्र तसाच राहिला, आजही आहे.

आता मला जे खरं बोलायचंय ते. 2016 ला ट्रम्प जिंकल्यावर सोशल मीडियावर एक लाट आली होती, की इलेक्टरांनी आता अंतरात्म्याचा आवाज ऐकावा, देश वाचवावा, हॅमिल्टनने हेच सांगितलं होतं वगैरे वगैरे. आपल्याकडचेही बरेच लोक ते फॉरवर्ड करत होते. छान वाटतं ऐकायला, एकटा माणूस, हातात चिठ्ठी, समोर इतिहास. पण आजपर्यंत ज्यांनी असं केलं त्यांची यादी काढून बघा आणि मग सांगा यातला नेमका कुठला अंतरात्मा तुम्हाला हवाय.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण 1836 चं. मार्टिन व्हॅन ब्युरेन राष्ट्राध्यक्ष म्हणून आरामात जिंकले, 170 मतं, लागत होती 148. त्यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाला होते केंटकीचे रिचर्ड मेंटर जॉन्सन. व्हर्जिनियाच्या 23 इलेक्टरांनी व्हॅन ब्युरेनना मत दिलं पण जॉन्सनना द्यायला साफ नकार दिला, सगळ्याच्या सगळ्या 23 जणांनी. का? तर जॉन्सन ज्युलिया चिन नावाच्या बाईबरोबर बायकोसारखे राहिले होते आणि ती त्यांच्याच मालकीची गुलाम होती. गुलाम बाईला वापरणं यात त्या काळच्या व्हर्जिनियाच्या सभ्य लोकांना काहीच खटकत नव्हतं हो, ते घरोघरी चालू होतं. जॉन्सननी ते लपवलं नाही, तिच्यापासून झालेल्या दोन मुलींना आपलं नाव दिलं, त्यांना शिकवलं, हा गुन्हा. ज्युलिया 1833 मध्येच कॉलऱ्याने गेली होती, तरी तीन वर्षांनी तिच्यामुळे मतं कापली. (जॉन्सनही काही संत नव्हते, त्यांनी तिला गुलामीतून मुक्त केल्याची कुठे नोंद नाही.) जॉन्सन 147 वर अडकले, एका मताने. मग प्रकरण सेनेटमध्ये गेलं आणि तिथे 33 विरुद्ध 16 ने ते निवडून आले. सेनेटने उपाध्यक्ष निवडायची ही एकमेव वेळ. म्हणजे इलेक्टरांनी ठरवून, गठ्ठ्याने जे बंड केलं त्यातलं सगळ्यात गाजलेलं हे, कारण काय तर वंशद्वेष, आणि शेवटी निकाल काही बदलला नाही.

पुढची यादी बघा. 1948, टेनेसीत ट्रुमन जिंकले, पण एका इलेक्टरने मत दिलं वंशभेदवाल्या स्ट्रॉम थर्मंडना. 1956, अलाबामाच्या एका इलेक्टरने डेमोक्रॅट उमेदवार स्टीव्हन्सनना सोडून तिथल्याच एका न्यायाधीशाला मत दिलं, तेही गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवण्याच्या बाजूचे. 1960, ओक्लाहोमाचा हेन्री अर्विन, निक्सनचा इलेक्टर, याने तर देशभरातल्या रिपब्लिकन इलेक्टरांना तारा पाठवल्या की केनेडी नको, निक्सन पण नको, आपण व्हर्जिनियाचे वंशभेदवाले सिनेटर बर्ड यांना करू. बाकी कुणी ऐकलं नाही, याने स्वतःचं मत मात्र बर्डना दिलं. 1968, नॉर्थ कॅरोलिनाचे एक डॉक्टर, निक्सनचे इलेक्टर, मत जॉर्ज वॉलेसला. वॉलेस म्हणजे ‘सेग्रिगेशन फॉरेव्हर’वाला, गोरे-काळे कायम वेगळेच राहावेत म्हणणारा. त्या मतावर संसदेत आक्षेप घेतला गेला, चर्चा झाली, शेवटी मत मोजलं. वीस वर्षांत चार वेळा अंतरात्मा बोलला आणि चारही वेळा दक्षिणेतला जुना हिशोबच बोलला.

सगळेच असे नव्हते हे मान्य. 1972 ला व्हर्जिनियाच्या रॉजर मॅकब्राइडने निक्सनला सोडून लिबर्टेरियन पक्षाला मत दिलं आणि त्या एका मतामुळे त्या पक्षाची उपाध्यक्षपदाची उमेदवार टोनी नेथन ही इलेक्टोरल मत मिळवणारी पहिली बाई ठरली. 1988 ला वेस्ट व्हर्जिनियात एका बाईंनी राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षाची नावं मुद्दाम उलटी लिहिली. 2000 ला वॉशिंग्टन डीसीच्या बार्बरा लेट-सिमन्स यांनी कोरी चिठ्ठी टाकली, कारण डीसीच्या लोकांना संसदेत मत देणारा प्रतिनिधी नाही. मला वैयक्तिकरीत्या या बाई आवडतात, मुद्दा खरा होता. पण त्याच वर्षी बुश 271 वर होते, 270 लागतात, म्हणजे फरक किती बारीक होता बघा. बुशचे फक्त दोन इलेक्टर फिरले असते तर बहुमत गेलं असतं. कोणी फिरलं नाही.

आणि मग 2016. ‘हॅमिल्टन इलेक्टर्स’ नावाने काही डेमोक्रॅट इलेक्टरांनी मोहीम काढली. प्लॅन असा की ट्रम्पचे 306 आहेत, त्यातले 37 फोडायचे, आणि रिपब्लिकन लोकांना पटेल असं नाव द्यायचं म्हणून आपणही हिलरींना सोडायचं. वॉशिंग्टन राज्यातल्या तिघांनी मत दिलं रिपब्लिकन कॉलिन पॉवेलना. चौथ्याने दिलं फेथ स्पॉटेड ईगल या मूलनिवासी कार्यकर्तीला, त्याचं कारण वेगळं होतं, त्याला हिलरी नकोच होत्या. हवाईत एक मत बर्नी सँडर्सना. कोलोरॅडोत एकाने जॉन केसिक या रिपब्लिकन नेत्याचं नाव लिहिलं तर त्याला तिथल्या तिथे काढून दुसरा माणूस बसवला. मिनेसोटातही बदलला (‘एवर्ड्स’नंतर त्यांनी कायदा कडक केला होता, शहाणे झाले होते). मेनमध्ये एकाला पुन्हा मतदान करायला लावलं, दुसऱ्या वेळी तो मुकाट हिलरींकडे आला. आणि ट्रम्पचे किती फुटले? दोन. दोघंही टेक्सासचे, एक केसिकला, एक रॉन पॉलला. तिसऱ्याला ट्रम्पना मत द्यायचं नव्हतं आणि दिलेला शब्दही मोडायचा नव्हता, त्याने सरळ राजीनामा दिला. खरं सांगू, या अख्ख्या प्रकरणात मला तोच माणूस पटला.

हिशोब काय झाला तर ट्रम्प 306 वरून 304, हिलरी 232 वरून 227. ट्रम्पला रोखायला काढलेल्या मोहिमेत हिलरींचीच जास्त मतं गेली! आणि समजा 37 फुटलेही असते तरी काय, कुणालाच बहुमत नाही म्हणून निवड प्रतिनिधीगृहात गेली असती, तिथे प्रत्येक राज्याला एक मत, आणि जास्त राज्यं रिपब्लिकनांकडे. म्हणजे एवढं करून परत ट्रम्पच. हे कुणी आधी कागदावर मांडलं नव्हतं का, असा प्रश्न पडतो.

वॉशिंग्टन राज्याने या चौघांना प्रत्येकी 1000 डॉलर दंड केला, त्यातले तिघं कोर्टात गेले, कोलोरॅडोवाला पण गेला, आणि खालच्या कोर्टांनी नेमके उलटसुलट निकाल दिले. शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात. मे 2020, कोविडमुळे सुनावणी फोनवरून, आणि तिथे जस्टिस थॉमस यांनी विचारलं की मग उद्या इलेक्टर म्हणाला मी फ्रोडो बॅगिन्सला (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं काल्पनिक पात्र) मत देतो तर चालेल का. 6 जुलैला निकाल लागला, सगळे नऊ न्यायाधीश एका बाजूला: राज्य इलेक्टरला शब्द पाळायला लावू शकतं, दंड करू शकतं, काढूही शकतं. जस्टिस केगन यांच्या निकालपत्रात एक आकडा आहे तो मला फार आवडला. सुरुवातीपासून 23,000 पेक्षा जास्त इलेक्टोरल मतं पडली, त्यात फेथलेस 180, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. त्यातली एक तृतीयांशापेक्षा जास्त एकाच वर्षातली, 1872 ची, त्यावर येतोच.

पण नीट वाचा हं, राज्य बांधून ठेवू ‘शकतं’ म्हटलंय, बांधलंच पाहिजे असं नाही. निकालाच्या वेळी 32 राज्यं आणि डीसीत इलेक्टरकडून पक्षाच्याच उमेदवाराला मत द्यायची शपथ घेणारे कायदे होते आणि त्यातल्या 15 राज्यांतच ती मोडल्यावर काही शिक्षा होती. बाकीकडे सगळं माणसाच्या भरवशावर. 2020 आणि 2024 ला एकही फुटला नाही हे खरं. (2020 चे ते ‘फेक इलेक्टर’ म्हणजे वेगळंच लफडं, ते हरलेल्या राज्यांत आम्हीच इलेक्टर म्हणून कागद करून पाठवणारे लोक होते. दोन्हींची गल्लत करू नका, टीव्हीवर सर्रास करतात.)

आपल्याकडे गद्दार, खोके, क्रॉस व्होटिंग हे शब्द आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत, त्यामुळे पहिला विचार हाच येतो की व्हिप का काढत नाहीत. पण गंमत म्हणजे आपल्या राष्ट्रपती निवडणुकीतही व्हिप चालत नाही! मतदान गुप्त, खासदार-आमदार कुणालाही मत देऊ शकतो. 1969 ला इंदिरा गांधींनी याच ‘विवेकबुद्धी’वर काँग्रेसच्याच अधिकृत उमेदवाराला, नीलम संजीव रेड्डींना पाडून व्ही. व्ही. गिरींना आणलं. 2007 ला शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताईंबरोबर गेली, मराठी राष्ट्रपती म्हणून. फरक एवढाच की आपले मतदार स्वतः निवडून आलेले असतात, पुढच्या निवडणुकीत त्यांना तोंड दाखवायचं असतं. अमेरिकेतला इलेक्टर एका दिवसापुरता असतो, दुसऱ्या दिवशी तो परत आपल्या दुकानात.

तर 1872. ग्रँट विरुद्ध होरेस ग्रीली, ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक. मतदानाच्या काही दिवस आधी बायको गेली, मग निवडणूक हरले, आणि इलेक्टर जमायच्या आधीच 29 नोव्हेंबरला स्वतः गेले. त्यांच्या वाट्याचे 66 इलेक्टर होते. 63 जणांनी आपापल्या मर्जीने दुसऱ्यांना मतं दिली. जॉर्जियाच्या तिघांनी मात्र शब्द पाळून मेलेल्या ग्रीलींनाच मत दिलं, आणि संसदेने नेमकी ती तीन मतं मोजायला नकार दिला. म्हणजे शब्दाला जागलेल्यांचं मत वाया आणि शब्द सोडलेल्यांचं चाललं.

ग्रीली हरले होते म्हणून काही अडलं नाही. जिंकलेला माणूस नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या मध्ये गेला तर? ज्या एकमेव परिस्थितीत इलेक्टरला डोकं वापरायची खरंच गरज आहे ती ही. आणि 2020 च्या त्या निकालात तळटीपेत लिहिलंय की ही परिस्थिती आमच्यापुढे नाही, त्यामुळे राज्यं इलेक्टरला मृत उमेदवाराशीही बांधू शकतात असा अर्थ आमच्या निकालातून काढू नका. झालं, प्रश्न राज्यांवर. कॅलिफोर्नियाने आपल्या कायद्यात सोय करून ठेवलीय, इलेक्टरने पक्षाच्या उमेदवारांना मत द्यायचं, दोघंही जिवंत असतील तर. 2024 ला एका बाजूला 78 वर्षांचा उमेदवार आणि जुलैपर्यंत दुसऱ्या बाजूला 81 वर्षांचा, एवढं समोर दिसत असूनही ही सोय सगळीकडे सारखी करावी असं काही कुणाच्या मनात आलेलं दिसलं नाही. पुढचे इलेक्टर 19 डिसेंबर 2028 ला जमतील.