कोरलेल्या टायटॅनियमवर दोन रंग: माझा अनुभव

टायटॅनियमची एक छोटी पट्टी, तिच्या कडेने मी हाताने कोरलेली वेल आणि मधोमध लेसरने कोरून घेतलेली अक्षरं. वेल आणि अक्षरं सोनेरी हवी होती, जमीन गडद निळी. शाई, रंग, मुलामा यातलं काही वापरायचं नव्हतं. टायटॅनियमवर हे नुसत्या विजेने आणि एका साध्या द्रावणाने होतं, आणि घरीही होतं. फक्त कुठला रंग आधी आणि कुठला नंतर, हे हात लावण्यापूर्वीच ठरवावं लागतं.

रंग येतो कुठून, ते आधी सांगते. टायटॅनियमवर ऑक्साइडचा पारदर्शक थर मुळातच असतो, जेमतेम काही नॅनोमीटरचा. पट्टी पॉवर सप्लायच्या धन टोकाला जोडून द्रावणात बुडवली की हा थर जाड होत जातो. त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश आणि खालच्या धातूवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतात. काही रंग मारले जातात, काही उठतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच कारणाने दिसतात. ॲल्युमिनियमच्या ॲनोडायझिंगमध्ये (म्हणजे विजेने धातूवरचा ऑक्साइडचा थर वाढवताना) सच्छिद्र थर तयार करून त्यात रंग मुरवतात, तसं इथे काही नाही. थराची जाडी म्हणजेच रंग. दर व्होल्टमागे थर साधारण २ नॅनोमीटरने वाढतो आणि त्या व्होल्टेजला पुरेसा झाला की थांबतो, कारण हा थर स्वतःच विजेला अडवतो. पट्टी जास्त वेळ बुडवून ठेवली म्हणून रंग पुढे जात नाही, त्यासाठी व्होल्टेज वाढवावं लागतं.

आता गंमत अशी, की जाडी वाढवता येते, कमी करता येत नाही. ५५ व्होल्टला सोनेरी झालेला भाग पुन्हा २७ व्होल्टला बुडवला तर त्याला काहीच होत नाही, कारण त्याचा थर आधीच त्यापेक्षा जाड आहे. उलट २७ व्होल्टचा निळा भाग ५५ ला बुडवला की निळा गेलाच. त्यामुळे दोन रंगांचं काम करताना जास्त व्होल्टेजचा रंग आधी. माझ्या पट्टीचा क्रम असा ठरला: अख्खी पट्टी सोनेरी करायची, मग वरचा सपाट भाग घासून धातू उघडा करायचा, खाचांमधलं सोनेरी तसंच ठेवायचं, आणि मग सगळं पुन्हा निळ्याच्या व्होल्टेजला बुडवायचं. काही झाकायला नको, चिकटपट्टी नको, खाचेत नेलपॉलिश भरायला नको.

सामान फार लागत नाही. ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तरी २७ व्होल्ट मिळतात आणि छान निळा येतो. मला वर जायचं होतं म्हणून मी करंटवर मर्यादा घालता येईल असा डीसी पॉवर सप्लाय वापरला. ऋण टोकाला स्टेनलेस स्टीलची पट्टी. द्रावणासाठी अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन चमचे ट्रायसोडियम फॉस्फेट; टाकणखारही चालतो. मीठ मात्र चुकूनही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

जोडणीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण निम्म्या अडचणी इथेच असतात. धन बाजूला द्रावणात जे जे बुडेल ते टायटॅनियमच असलं पाहिजे. तांब्याची किंवा स्टीलची क्रोकोडाइल क्लिप पाण्यात बुडाली की सगळा करंट तिच्यातूनच वाहतो, ती झिजायला लागते आणि पट्टी रंगहीन राहते. मी पट्टीच्या भोकात टायटॅनियमची तार घट्ट पिळून अडकवली आणि क्लिप वर, कोरड्या तारेला लावली. तार सैल असेल तर तेवढ्या ठिकाणी ठिणगी पडते आणि काळा ठिपका उमटतो.

सुरक्षेचंही इथेच उरकते. ६० व्होल्टच्या वर डीसीदेखील धोक्याची, त्यात हात ओले असतात. म्हणून मी मुद्दाम त्याच्या आतले रंग निवडले. रबरी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, आणि सप्लाय बंद केल्याशिवाय द्रावणात हात घालायचा नाही. ऋण पट्टीवरून हायड्रोजनचे बुडबुडे निघतात, त्यामुळे आसपास ज्योत नको. कोरताना पडलेला टायटॅनियमचा बारीक चुरा पेट घेऊ शकतो आणि ती आग पाण्याने विझत नाही. चुरा साठू देऊ नये.

खऱ्या पट्टीआधी एका तुकड्यावर रंगांची शिडी करून घेतली. तुकडा पूर्ण बुडवून १० व्होल्टपासून सुरुवात, मग थोडा वर उचलायचा, व्होल्टेज वाढवायचं, पुन्हा थोडा उचलायचा. फिकट पिवळसर, मग तांबूस, विशीत जांभळा, २५ ते ३० मध्ये गडद निळा, त्यानंतर आकाशी, मग जवळजवळ चंदेरी, पंचावन्नच्या आसपास सोनेरी. त्याच्याही वर गेलं तर राणी, दुसरा जांभळा, मोरपंखी आणि शंभराच्या जवळ हिरवा. लालभडक या शिडीत कुठेच नाही. हे आकडे ढोबळ समजा. शुद्ध टायटॅनियम आणि ग्रेड ५ चा मिश्रधातू यांच्यात फरक पडतो, पृष्ठभाग कसा आहे यानेही पडतो. स्वतःच्या धातूवर स्वतःची शिडी केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कारखान्यांत वरचे रंग तेजस्वी यावेत म्हणून आधी फ्लोराइड असलेल्या आम्लात पृष्ठभाग खातात. मी त्या वाटेला गेले नाही आणि कुणी जावं असं मला वाटत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमवर जातं. हिरव्या रंगासाठी एवढा धोका घरात आणायचा नाही.

मग साफसफाई. भांडी घासायच्या साबणाने आणि ब्रशने घासून, डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, शेवटी ॲसिटोन. धुतल्यावर पाणी पट्टीवर एकसंध पसरलं पाहिजे. कुठे थेंब गोळा होत असेल तर तिथे तेल आहे. त्यानंतर बोट लावायचं नाही, बोटाचा ठसा रंगात स्पष्ट उमटतो. कोरीव कामात तर खाचांच्या तळाशी कोरताना वापरलेलं तेल दडून बसतं.

लेसरची अक्षरं हा वेगळाच प्रश्न होता. लेसरच्या उष्णतेने खाचेत आधीच जाड, करडा, खरबरीत ऑक्साइड तयार झालेला असतो. त्यावर ५५ व्होल्ट काहीच करू शकत नाहीत. मागच्या बाजूच्या चाचणीत हाताने कोरलेली रेघ लखलखीत सोनेरी आली आणि तिच्या शेजारची लेसरची रेघ राखाडीच राहिली. उपाय कंटाळवाणा आहे: कार्बाइडच्या टोकदार कोरणीने प्रत्येक अक्षराचा तळ खरवडून ताजा धातू उघडा करायचा. भिंग लावून ते केलं. पुढच्या वेळी मी अक्षरंही हातानेच कोरेन. टायटॅनियम कोरणीला चिकटतं, टोकाला वारंवार धार लावून घ्यावी लागते, पण खाच चकचकीत निघते.

पहिल्या बुडीत व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. हा भाग बघत राहावा असा आहे. पट्टी आधी पिवळसर होते, मग जांभळी, निळी, निळा विरत विरत चंदेरी, आणि त्यातून सोनेरी वर येतं. करंट सुरुवातीला उसळतो आणि मग घसरत जातो. तो जवळजवळ शून्यावर आला की सगळीकडे थर सारखा झाला असं समजायचं. खोल खाचांना थोडा वेळ जास्त लागतो. ओल्या पट्टीचा रंग खरा मानू नये, सुकल्यावर तो वेगळा दिसतो.

घासायचं काम काचेवर. सपाट काचेवर ओला १००० ग्रिटचा पॉलिश पेपर ठेवला, पट्टी पालथी करून आठच्या आकड्यासारखी फिरवली, मग २०००. थर मायक्रोनच्या साधारण एका दशांशाइतकाच असल्याने फार घासावं लागत नाही. मऊ बफ किंवा हातात धरलेला पेपर इथे उपयोगाचा नाही, तो खाचेच्या कडा गोल करतो आणि आत शिरून रंगही उडवतो. वेलीचे शेंडे जिथे उथळ होत गेले होते तिथे सोनेरी टिकवायला जपून घासावं लागलं. एक-दोन शेंडे थोडे आखूड झाले, पण वेल त्यामुळे उलट जास्त सुबक दिसते.

पुन्हा तीच साफसफाई, आणि २७ व्होल्ट. काही सेकंदांत जमीन निळी झाली, वेल जशीच्या तशी सोनेरी.

पट्टी आता किल्ल्यांबरोबर वापरात आहे. कडांचा आणि वरच्या जमिनीचा निळा किल्ल्यांनी ओरखडला गेला आहे, खाचांमधलं सोनेरी मात्र शाबूत आहे, कारण तिथपर्यंत काही पोचतच नाही. मधूनमधून रंग मळकट वाटतो तो बोटांच्या तेलामुळे. साबणाने धुतलं की परत येतो. जमीन फारच खराब झाली तर पुन्हा काचेवर घासून २७ व्होल्टला बुडवेन, वेलीला हात लावायची गरज पडणार नाही.