सहाव्या मिलचं पत्र

मलेशियाच्या साबाह राज्यातल्या सहा पाम तेल मिलचा टाकाऊ माल एका ठिकाणी आणायचा आणि त्याचं काहीतरी विकण्याजोगं करायचं, एवढंच काम होतं. पाच मिलनी दोन आठवड्यांत माल देण्याच्या पत्रावर सह्या केल्या. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चहा झाला, हिशेब झाला, शिक्का बसला. सहावीने पाच महिने घेतले. हे सगळं लिहितोय ते तिच्यामुळे, आणि राग अजून पुरता गेलेला नाही.

मी मूळचा साखरवाला. सांगली जिल्ह्यातल्या कारखान्यात अकरा वर्षं को-जनला, म्हणजे उसाचा चोथा जाळून वीज करतात तिथे होतो. बगॅस, म्हणजे तो चोथा, किती ओला, बॉयलरला किती लागेल, हे झोपेतही सांगेन. त्यामुळे साबाहमधल्या लाहाद दातूला उतरलो तेव्हा वाटलं, उसाच्या जागी पाम, बाकी सगळं तेच. पण इथल्या बॉयलरचं पोट पामच्या फळांचा चोथा आणि बियांच्या करवंट्या यांवरच भरतं. उरतात ते रिकामे घड. वाफेत शिजवून, फळं झाडून बाजूला टाकलेला घड म्हणजे ओल्या काथ्याचा गोळा. उचलला की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. त्याला तिथे तंदान कोसोंग म्हणतात. शंभर टन ताज्या घडांमागे हे साधारण 22 टन निघतात, आणि त्यात 65 टक्क्यांपर्यंत पाणीच असतं.

म्हणजे ताशी 45 टनांची मिल दिवसाला वीस तास चालली तर जवळजवळ दोनशे टन रिकामे घड दिसतात. डोळे दिपतात. पण त्यातला कोरडा माल सत्तर टनांच्या आत, आणि दहा टक्के ओलाव्याचे पेलेट, म्हणजे जाळायच्या दाबलेल्या कांड्या, धरले तर सत्याहत्तर टन. लॉरी मात्र दोनशे टनांसाठीच लावावी लागते. त्यातही घड फोपसे, त्यामुळे लॉरी वजनाने भरायच्या आधी आकारानेच भरते. आपण पैसे मोजतो ते पाणी आणि हवा वाहून नेण्याचे.

करवंट्यांवर योजना उभी करू नका, हे इथेच सांगून टाकतो. त्या शंभर टनांमागे पाच-सात टनच निघतात. जळायला उत्तम आणि जपानच्या वीज प्रकल्पांना हव्या असतात, त्यामुळे तुमच्या आधी कुणीतरी सौदा करून गेलेला असतो.

आमचा बेत असा होता: चांगला लांब धागा सुकवून, गठ्ठे बांधून चीनला गाद्यांसाठी, आणि राहिलेल्याचे पेलेट. कुठल्या मिलचा माल कधी उचलायचा, कुठे साठवायचा, याचा तक्ता मी रात्री जागून केला. तक्ता देखणा होता. बँकेने तो बाजूला ठेवला आणि प्रत्येक मिलचं एकेक पत्र मागितलं: किती माल, किती ओलावा, किती वर्षं.

सहाव्या मिलचा मॅनेजर माणूस गोड. काहीही विचारा, ‘बोलेह बाह’, म्हणजे जमेल की! कधी? ‘इस्नीन.’ इस्नीन म्हणजे सोमवार. मी पाच महिन्यांत किती सोमवार पाहिले ते मोजलेलं नाही. एका सोमवारी तो क्वालालंपूरला, एका सोमवारी शिक्का सापडत नाही, एका सोमवारी पत्राचा मजकूर वरच्या ऑफिसला पाठवलाय. वरच्या ऑफिसला फोन केला तर मजकूर मिलकडे परत आलाय. एकदा मी आवाज चढवला. त्याने माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. त्यानंतर तीन आठवडे माझे फोन उचलले गेले नाहीत. तिथे आवाज चढवू नका.

मग एके दिवशी म्हणाला, आकडा कसा लिहू, आम्ही तंदान कोसोंग कधी काट्यावर घेतच नाही. हे मात्र खरं होतं. माल त्यांच्याच मळ्यात जायचा, आपल्याकडे उसाचं पाचट पसरतात तसा झाडांच्या ओळींत पसरायला. पोटॅश भरपूर, ओल टिकते. मळ्याच्या साहेबाच्या लेखी तो टाकाऊ नव्हताच. इतर पाच मिलनीही 22 टक्क्यांचा गुणाकार करूनच आकडे लिहून दिले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि पोटात गोळा आला.

म्हटलं, मीच मोजतो. दिवसा काट्यावर ताज्या घडांच्या लॉऱ्यांची रांग असते. फळ चोवीस तासांत शिजायला हवं, नाहीतर तेलातली आम्लं वाढतात, त्यामुळे मधे कुणी घुसू देत नाही. मला वेळ मिळाली रात्री अकरानंतरची. आठ रात्री मी काट्याच्या खोलीत बसलो. साखर कारखान्याच्या गावचा माणूस काट्याकडे संशयानेच बघतो, काटामारीच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो आम्ही. पण इथे काटा सरळ होता, खोट माझ्या तक्त्यात होती. तोच ढीग, पाऊस पडून गेलेल्या रात्री लॉरीमागे सरळ टनभर जड. ढीग उघड्यावर. मी टनाला दर धरला होता, म्हणजे पावसाचे पैसे आम्ही देणार होतो. तुम्ही दर ठरवाल तो कोरड्या मालावर ठरवा, आणि नमुन्याची पिशवी समोर बांधून घ्या. पिशवी सकाळपर्यंत उघडी राहिली की प्रयोगशाळेचा आकडा तुमचा नसतो.

आकडे घेऊन गेलो. तरी सही नाही.

खरं कारण कॅन्टीनमध्ये कळलं. प्रयोगशाळेतला एक पोरगा मी नासी गोरेंगवर, म्हणजे तिथल्या परतलेल्या भातावर, चिडचिड करत बसलो होतो ती ऐकून म्हणाला, बॉस, मिल मोठी होणार आहे ना, मग तंदान कोसोंग कुठून देणार? मलेशियात 2014 पासून नव्या मिलना, आणि क्षमता वाढवणाऱ्या जुन्या मिलनाही, सांडपाण्यातला मिथेन पकडावा लागतो किंवा तो तयारच होणार नाही अशी सोय करावी लागते. या मिलने ठरवलं होतं की सांडपाणी रिकाम्या घडांवर फवारून कंपोस्ट करायचं. म्हणजे ज्या मालासाठी मी रात्री जागवत होतो तो त्यांनाच हवा होता. मंजुरी यायची होती म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. पहिल्याच सोमवारी सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?

त्यानंतर मी टनांची हमी मागणं सोडलं. नवं पत्र असं लिहिलं: तुमच्या कंपोस्टला लागेल तेवढं आधी घ्या, उरेल त्यातला ठरलेला वाटा आमचा. घड पिळायचा प्रेस आम्ही तुमच्या आवारात बसवू. 65 टक्के ओलावा 50 वर आला की शंभर टनांचे सत्तर टन होतात, आणि एक टन पेलेटला अडीच टनांऐवजी 1.8 टन माल पुरतो. पिळून निघालेल्या पाण्यातलं तेल तुमचं, पोटॅशचं पाणी तुमच्या कंपोस्टला. हे मी उदारपणे लिहिलं खरं, पण पोटॅश आम्हाला नकोच होता. त्याने राख लवकर वितळते आणि बॉयलरमध्ये क्लिंकर धरतो. को-जनला असताना मी तसला दगडासारखा थर छिन्नीने फोडलेला आहे.

नवव्या दिवशी सही झाली. पत्रावर तारीख मागच्या वर्षाची होती, ती दुरुस्त करायला आणखी चार दिवस गेले. मी बायकोला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, कुठलं पत्र?

बाकीच्या पाच मिलमध्येही मग काट्यावर बसलो. त्यातल्या दोन मिलचे आकडे बरेच खाली आले, आणि बँकेला तक्ता नवा द्यावा लागला. जायचंच असेल तर पावसाळ्यात जा, ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतर. उन्हातला ढीग बघून कुणीही योजना करतो. आणि गमबूट स्वतःचे न्या. मिलमध्ये देतात ते कायम एक नंबर लहान असतात.