प्रोग्रॅम आत, डेटा बाहेर: औद्योगिक बोर्डासाठी ८०५१ निवडताना

जुन्या मशीनच्या कंट्रोल बोर्डावर बहुधा ८०३१ (आत प्रोग्रॅम-मेमरी नसलेली ८०५१ मायक्रोकंट्रोलर चिप) असते, शेजारी प्रोग्रॅमसाठी २७सी२५६ इप्रॉम आणि डेटासाठी ६२२५६ रॅम. तोच बोर्ड नव्याने करायचा असेल तर ८०३१ पुन्हा वापरू नका, त्याच घराण्यातली एटी८९एस५२ घ्या. तिच्यात प्रोग्रॅमसाठी ८ केबी फ्लॅश आहे. ईए पिन (३१) ५ व्होल्टला जोडली की पहिले ८ केबी आतून चालतात, त्यापुढचा पत्ता आला की चिप आपोआप बाहेरची मेमरी वाचते. ही पिन मोकळी मात्र सोडू नये.

इप्रॉमवर चालणाऱ्या बोर्डात प्रत्येक सूचनेसाठी पोर्ट ० आणि २ (बाहेरच्या मेमरीकडे जाणारी पत्त्यांची आणि डेटाची बस) हलत राहतात. शेजारचा कॉन्टॅक्टर (मोटरचा विजेवर चालणारा मोठा स्विच) पडताना एक बाइट चुकीचा वाचला गेला तरी प्रोग्रॅम भरकटतो. प्रोग्रॅम आत असेल तर बस फक्त मूव्हएक्सच्या (बाहेरचा डेटा वाचण्या-लिहिण्याच्या सूचनेच्या) वेळी चालते. एयूएक्सआर रजिस्टरचा (पत्ता ८ई हेक्स) बिट ० एक केला की एएलई (पत्ता पकडायची खूण देणारी पिन) सुद्धा एरवी बंद राहते.

बस बाहेर काढल्यावर हाती उरतात १४ पिना, त्यातल्या दोन सिरियलच्या. म्हणून पोर्ट वाढवणारी ८२सी५५ लागतेच. लॅच (पत्त्याचा खालचा बाइट धरून ठेवणारी चिप) ७४एचसीटी५७३ घ्या. ७४एचसीटी३७३ पेक्षा ट्रॅक सरळ जातात. ए१५ (पत्त्याची सगळ्यात वरची ओळ) शून्य असताना रॅम, एक असताना ७४एचसी१३८ डिकोडरमधून बाकीच्या चिप्स, प्रत्येकीला ४ केबी. पोर्ट ० ला बससाठी पुल-अप (५ व्होल्टला जोडलेले रोध) लागत नाहीत. लोक सवयीने लावतात, बिघडत काही नाही. क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच. १२ वर टायमर १ ने ९६०० बॉडला ८.५ टक्के चूक येते.

खरी डोकेदुखी वीज जाताना होते. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रोध यांचा रिसेट चालू करताना ठीक, पण पुरवठा ३.५ व्होल्टपर्यंत घसरून परत आला तर त्यातून धड पल्स निघत नाही. तेवढ्या वेळात प्रोसेसर वाटेल ते चालवतो आणि बॅटरीवरच्या रॅममध्ये कचरा लिहितो. शिवाय वीज गेली की ए१५ ची ओळ रॅमची सीई (चिप निवडणारी पिन, खाली असताना चालू) खाली ओढते. मॅक्स६९१ लावा: ४.६५ व्होल्टला रिसेट, बॅटरीची अदलाबदल, वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर रिसेट देणारा टायमर) आणि सीईला आडकाठी, सगळे एकाच चिपमध्ये. बॅटरीच नको असेल तर एफएम१८डब्ल्यू०८ एफरॅम (विजेशिवाय डेटा टिकवणारी मेमरी) आहे, पण तिची सीई जमिनीला बांधून चालत नाही. सीई खाली येतानाच ती पत्ता पकडते, म्हणून सीई प्रत्येक वेळी हलली पाहिजे.

८ केबी पुरत नसतील तर एटी८९सी५१आरडी२, ६४ केबीची. हिच्यात आतच जादा रॅम आहे आणि खालच्या पत्त्यांवरचे मूव्हएक्स तिकडेच जातात. जुना प्रोग्रॅम सेटिंग्ज शून्य पत्त्यावर ठेवत असेल तर चालू असताना सगळे नीट दिसते, वीज गेली की सेटिंग्ज गायब. लोक बॅटरी बदलत बसतात. प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच एयूएक्सआरमधला एक्स्ट्रॅम हा बिट १ करावा.