नव्या टॅबमध्ये चालवलेली चाचणी

सकाळी पावणेअकराला दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "ताई, आमच्या चाळीस सभासदांना ९,९९९ रुपये जमा झाल्याचा मेसेज आलाय. बँकेत मात्र काहीच नाही. एक मावशी पावसात चालत शाखेत जाऊन आल्या."

आकडा ऐकला आणि पोटात गोळा आला. ९,९९९ ही रक्कम कुणाच्याच दूधबिलात नव्हती. ती माझ्या चाचणीच्या फाईलमध्ये होती, मीच टाकलेली.

दूध संस्थांची बिलं करणारं आमचं ॲप तीन क्लाउडवर, म्हणजे तीन कंपन्यांच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, चालतं. बिलाची पीडीएफ ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाईल साठवणाऱ्या सेवेत जाते, बिल तयार झाल्याचा संदेश गूगलच्या पब/सब या संदेश पोचवणाऱ्या सेवेवरून एसएमएस पाठवणाऱ्या सर्व्हिसला मिळतो आणि एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या ब्लॉब स्टोरेजमध्ये ठेवली जाते. लॅपटॉपवर चाचणी घ्यायची तर तिघांचेही एम्युलेटर, म्हणजे खऱ्या सेवेची नक्कल करणारे प्रोग्राम, डॉकरमध्ये (लॅपटॉपवरच्याच बंदिस्त कप्प्यांत) उभे करायचे: ॲमेझॉनसाठी लोकलस्टॅक ४५६६ पोर्टवर, मायक्रोसॉफ्टसाठी ॲझुराइट १०००० वर आणि पब/सबचा एम्युलेटर ८०८५ वर. वर्षभर हे सुरळीत चाललं होतं.

त्या सकाळी मी टर्मिनलचा नवा टॅब उघडला आणि चाचण्या चालवल्या. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास. एरवी अठरा सेकंद लागतात, त्या दिवशी पन्नास लागले. हे माझ्या लक्षात आलं होतं. लॅपटॉप तापला असेल म्हणून मी पुढच्या कामाला लागले. ते जादाचे बत्तीस सेकंद आजही डोक्यातून जात नाहीत. संदेश खऱ्या गूगलपर्यंत जाऊन येत होते, म्हणून वेळ लागत होता.

पब/सबची लायब्ररी, म्हणजे आमचं ॲप वापरतं तो गूगलचा तयार कोड, एम्युलेटरचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे टर्मिनलमध्ये नोंदवून ठेवलेल्या सेटिंगमधून, घेते. तो माझ्या जुन्या टॅबमध्ये होता, नव्यात नव्हता. पत्ता मिळाला नाही की लायब्ररी थांबत नाही. मशीनवर सापडतील त्या लॉगिननिशी सरळ खऱ्या क्लाउडकडे जाते. आदल्या आठवड्यात एक तक्रार तपासताना मला प्रॉडक्शनचे, म्हणजे खऱ्या चालू यंत्रणेचे, हक्क मिळाले होते, ते काढायचे राहिले होते. प्रोजेक्टचं नावही आम्ही दोन्हीकडे एकच ठेवलेलं. चाचणीने टॉपिक (संदेश जिथे टाकतात तो कप्पा) बनवायला घेतला, तर तो आधीच आहे असं उत्तर आलं, ते आमच्या कोडला चालतं. सभासद क्रमांक १ ते ४० खऱ्या संस्थेतही होतेच.

बाकीच्या दोघांकडे असं झालंच नसतं. लोकलस्टॅकला आम्ही 'टेस्ट' हीच की आणि तोच पासवर्ड देतो. पत्ता हरवला असता तरी खऱ्या ॲमेझॉनने ती की नाकारली असती. ॲझुराइटच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे जोडणीच्या एका ओळीत, पत्ता आणि नमुन्याचं खातं एकत्रच असतं. म्हणजे दोन दारं चुकलं की बंद होणारी आणि तिसरं चुकलं की सताड उघडं. एम्युलेटर खऱ्यासारखा वागतो का, यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले होते. तो सापडलाच नाही तर काय, हा प्रश्न एकदाही कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

आधी चाळीस जणांना दिलगिरीचा मेसेज गेला, मग माझे हक्क काढले. चाचणीच्या प्रोजेक्टचं नाव बदललं, सभासद क्रमांक कुठल्याच संस्थेत नसतील असे घेतले. चाचण्याही आता डॉकरच्या आतल्याच नेटवर्कमध्ये चालतात, तिथून इंटरनेटला वाटच नाही. संध्याकाळी मी तो व्हेरिएबल मुद्दाम काढून पुन्हा सगळं चालवलं. पब/सबची प्रत्येक चाचणी लाल झाली. दोनदा चालवून बघितलं.

मग सचिवांना फोन केला आणि त्या मावशींचं नाव विचारलं. त्यांच्याशी मला स्वतः बोलायचं होतं. "त्या धारेला बसल्यात आत्ता," ते म्हणाले, "आठनंतर करा."

आठ वाजून पाच मिनिटांनी केला.