किचन आधी, मग बाकीचं डोकं

माझा नवरा ब्लॅक अमेरिकन. त्याची बहीण, म्हणजे माझी नणंद, आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आली तेव्हा लेक अडीच वर्षांची होती. सकाळी मी चहा करतेय आणि ही मागून म्हणते, "अगं हिचं किचन बघितलंस का, काय अवस्था झालीय!" मी ओट्याकडे बघितलं. रात्रीची भांडी तशीच होती हे खरं, पण म्हणून पाहुणीने तोंडावर बोलायचं? मला चांगलाच राग आला. मग कळलं की ब्लॅक अमेरिकन बायका मानेवरच्या अगदी खालच्या केसांना किचन म्हणतात. तिथले केस सगळ्यात बारीक वळणांचे, आणि कॉलर, उशी, कारसीट सगळ्याला घासले जातात, त्यामुळे गुंता पहिला तिथेच होतो. लेकीच्या मानेवर लिंबाएवढा गोळा झाला होता आणि मला पत्ताच नव्हता, कारण मी वरवर ब्रश फिरवून मोकळी होत होते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा इथे न्यू जर्सीतच ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्यात, सून ब्लॅक आहे, नर्स आहे, तिला पहाटे निघावं लागतं, आणि नातीला शाळेसाठी तयार करायचं काम काकूंवर. म्हणाल्या, "अगं रोज तेल चोपडते, तरी केस कोरडेच्या कोरडे, आणि कंगवा लावला की पोर घर डोक्यावर घेते. काहीतरी झटपट सांग ना." काकू, हे तुमच्यासाठीच लिहितेय, आणि आधी हे सांगते की सूनबाईंना विचारल्याशिवाय काही करू नका, त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत असणार. मी आपली धडपडत शिकलेली बाई.

तर पहिलं म्हणजे तेल. टाळूवर जे नैसर्गिक तेल सुटतं ते सरळ केसावरून टोकापर्यंत घसरत जातं, पण इतक्या घट्ट वळणाच्या केसात ते वरच अडकतं, टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून हे केस मुळातच कोरडे. त्यात प्रत्येक वळण म्हणजे तुटायची एक जागा. आणि आपण काय करतो, कोरड्या केसावर तेल थापतो. तेलाने ओलावा येत नाही हो, आहे तो ओलावा फक्त आत राहतो. म्हणून आधी पाणी, मग लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे न धुता केसात तसंच ठेवायचं ते, मग त्यावर थोडं तेल किंवा शिया बटर, म्हणजे शियाच्या बियांचं घट्ट लोणी. हा क्रम कळला त्या दिवशी माझं निम्मं काम सोपं झालं, खरंच.

आणि केस वाढत नाहीत असं जे सगळे म्हणतात ना, तसं नसतं. हे केसही महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतातच, फक्त टोकं तितक्याच वेगाने तुटत राहिली तर लांबी दिसणार कुठून. शिवाय आक्रसतात केवढे! लेकीची एक बट ओढून धरली तर खांद्याच्या खाली येते आणि सोडली की टुण्णकन कानाशी. प्रोटेक्टिव्ह स्टाइल हा शब्द त्यासाठीच आहे, टोकं आत दडवायची, रोजचा कंगवा बंद करायचा, आणि केसांना काही दिवस त्यांचं त्यांना राहू द्यायचं. मी आधी समजायचे की ही कुठलीतरी खास फॅशन आहे.

आमच्याकडे जी सगळ्यात जास्त चालते ती टू-स्ट्रँड ट्विस्ट, म्हणजे चक्क दोन पेडांचा पीळ. तीन पेडांची वेणी घालता येते त्या कुणालाही ही पाच मिनिटांत जमते. मी शनिवारी संध्याकाळी करते. केस धुऊन झाले की ओले असतानाच भरपूर कंडिशनर लावून डोक्याचे चार भाग करते, तीन भागांना क्लिपा, चौथा हातात. आधी बोटांनीच गुंता सोडवायचा. मग मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून सुरू करून थोडा थोडा वर, आणि दुसऱ्या हाताने बट मुळाशी घट्ट धरायची म्हणजे ताण टाळूला बसत नाही. आपण लहानपणापासून वरून खाली ओढत आलोय ना, तो हात आवरायला मला वर्ष लागलं. कोरडे असताना तर कंगवा लावायचाच नाही, मी लावलाय, सिंकमध्ये पडलेले तुटके तुकडे बघून रडलेय पण.

मग कंडिशनर धुवायचं, लीव्ह-इन, शिया बटर, आणि अंगठ्याएवढ्या जाडीची बट घेऊन दोन सारखे पेड करायचे, एकावर दुसरा, एकावर दुसरा, दिशा बदलायची नाही. मुळाशी अगदी सैल नको नाहीतर दोन दिवसांत फुगतं, पण ओढायचं तर अजिबात नाही. टोकाला आलं की बोटाभोवती गुंडाळून सोडून द्यायचं, आपोआप स्प्रिंग होते, रबर लावायची गरज नाही. भांग सरळ पडला नाही म्हणून जिवाला लावून घेऊ नका, माझे भांग अजूनही वाकडेतिकडे असतात, ट्विस्ट मोकळे पडले की कुणाला दिसत नाहीत. किचनपासून सुरू करा मात्र, कारण शेवटी ठेवलं की पोर कंटाळलेलं, आपले हात भरून आलेले, आणि नेमकी नाजूक जागा राहिलेली.

दहाबारा जाड ट्विस्टना मला आता पाऊण तास लागतो, गुंता सोडवायचा अर्धा तास वेगळा. काकू म्हणतील, हे कसलं झटपट? अहो, पण मग सोमवार ते शुक्रवार सकाळी दोन मिनिटं! सोमवारी मोकळे, मंगळवारी पुढचे चार मागे नेऊन एक सॅटिनचा स्क्रंची, बुधवारी दोन बाजूंना दोन गुच्छ, गुरुवारी सगळे वर घेऊन अंबाडा. स्प्रे बॉटलमध्ये पाणी आणि चमचाभर कंडिशनर, दोन फवारे मारले की झालं. शुक्रवारी संध्याकाळी तेच ट्विस्ट हाताला थोडं तेल लावून उलगडले की लाटालाटांचे केस, ते ट्विस्ट-आउट, शनिवारच्या बर्थडे पार्टीला एकदम मस्त. रोज नव्याने केस करायला बसणं हीच चूक होती माझी.

शनिवार हुकला तर फ्लॅट ट्विस्ट. टाळूला चिकटून पीळ घालत जायचं, पुढून प्रत्येक वेळी थोडे थोडे केस आत घेत, सागरवेणीसारखंच पण दोन पेडांचं. मधे भांग, उजवीकडे एक, डावीकडे एक, मानेशी आणून टोकं आत खुपसायची. पंधरा मिनिटं. कॉर्नरोज मला अजून जमत नाहीत. तीन पेड, टाळूलगत, केस खालून घेत, नणंदेची बोटं नुसती धावतात आणि माझी वेणी अर्ध्यावर टाळू सोडून वर उचलली जाते.

बँटू नॉट्स पण सोप्या, चौकोनी भाग पाडायचा, बट पिळत राहायची की ती स्वतःभोवतीच गोल फिरून गाठ बसते, टोक खाली दडपायचं. दिसायला फार गोड. पण त्यावर झोपणं म्हणजे डोक्याखाली गोट्या घेऊन झोपणं, लेक रात्री दोनला उठून सगळ्या सोडून आली.

आता पफ. वर एक गोल गुच्छ, सगळ्यात झटपट, दोन मिनिटांत होतो म्हणून सगळे तो प्रोटेक्टिव्हमध्ये धरतात. मी नाही धरत. टोकं तर सगळी बाहेरच, वाऱ्यात, हुडीला घासत. शिवाय रबर घट्ट लावला की कपाळावरचे बारीक केस, ज्यांना एजेस म्हणतात, ते आधी जातात. कधीतरी ठीक आहे, आणि तेव्हाही रबरबँड नको, जुन्या स्टॉकिंगचा कापलेला पट्टा किंवा बुटाची लांब लेस, तिचा ताण आपल्या हातात राहतो.

सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या आईने दोऱ्याने केस बांधलेले त्यांना आठवतात, बटेला मुळापासून टोकापर्यंत काळा दोरा गुंडाळत जायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी केस उष्णता न लावता लांब झालेले. पश्चिम आफ्रिकेत ही फार जुनी पद्धत, योरुबा लोक इरुन किको म्हणतात. नायजेरियाचे फोटोग्राफर ओखाई ओजेइकेरे यांनी १९६८ पासून पुढे कित्येक वर्षं बायकांच्या केशरचनांचे फोटो काढले, बहुतेक पाठमोरे, जवळजवळ हजारभर. त्यातला एकेक दोऱ्याचा मनोरा बघत बसावा असा. मी फक्त सहा दोरे बांधते, केस ताणायला, धुतल्यानंतर. तेवढंच येतं.

बाहेरचे केस जोडून केलेल्या बॉक्स ब्रेड्सबद्दल, म्हणजे चौकोनी भाग पाडून घातलेल्या सुट्या वेण्यांबद्दल, काकूंनी विचारलं. सहा आठवडे बघायला नको हे खरंय. पण लेक पाच वर्षांची असताना शाळेच्या फोटोसाठी मी एका सलूनमध्ये नेलं, चार तास, दीडशे डॉलर, ती कुरकुरत होती आणि मी म्हणत होते, बस गं थोडं. माझ्या डोक्यात आपलं तेच, वेणी घट्ट असली की छान, दिवसभर सुटत नाही. रात्री तिला उशीवर डोकं टेकवेना. कपाळाच्या कडेला बारीक पांढरे फोड आले होते. नणंदेला व्हिडिओ कॉल केला तर ती एवढंच म्हणाली, "आत्ता काढ." रात्री साडेअकराला आम्ही नवराबायको दोन्हीकडून बसून वेण्या उसवत होतो. एका कानावरची केसांची रेघ विरळ झाली ती भरायला पाचसहा महिने गेले. सारखा ताण बसत राहिला तर तिथली मुळं कायमची मरतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. घट्ट बसवली की ती स्टाइल प्रोटेक्टिव्ह राहतच नाही. दुखलं तर चुकलं, भुवया वर ओढल्या गेल्या तर चुकलं, मुलगी "ओढतंय" म्हणाली की थांबायचं. सलूनवाल्या बाईंना मी त्या वेळी तोंड उघडून सांगितलं असतं तर त्यांनी सैल केलंही असतं, पण मला वाटलं त्यांना जास्त कळतं.

कृत्रिम केस जोडलेच तर अजून एक, त्यावर असलेल्या कोटिंगने काहींची टाळू खाजते, म्हणून लावायच्या आधी ते ॲपल सायडर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून, धुऊन वाळवतात. आणि आठ आठवड्यांच्या वर ठेवू नका. काढताना मूठभर केस हातात येतील, घाबरू नका. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, वेण्यांमधे ते खाली पडत नाहीत, तिथेच अडकून बसतात, महिन्याचा हिशोब एकदम समोर येतो. पहिल्यांदा मी तो पुंजका पेपर टिश्यूत गुंडाळून नणंदेला दाखवायला ठेवला होता.

रात्रीसाठी सॅटिनचं बॉनेट, म्हणजे केस झाकायची सैल टोपी. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि केसांना घासतो. लेकीचं बॉनेट पहाटेपर्यंत पलंगाखाली असतं, म्हणून अभ्राच सॅटिनचा आणला. पोहायला जायच्या आधी साध्या पाण्याने केस भिजवायचे, आधीच पाणी प्यायलेले केस क्लोरिनचं पाणी कमी पितात.

आणि काकू, शाळेत कुणी काही बोललं तर गप्प बसू नका. २०१८ च्या डिसेंबरमध्ये इथे न्यू जर्सीत एका हायस्कूलच्या कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, लॉक्स, म्हणजे जटा, काप नाहीतर मॅच सोड, आणि सगळ्यांसमोर मॅटच्या कडेला त्याचे केस कापले. नवऱ्याने तो व्हिडिओ एकदा बघितला आणि टीव्ही बंद केला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा क्राउन ॲक्ट केला, केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, ट्विस्ट, लॉक्स यांवरून शाळेत, नोकरीत भेदभाव करायचा नाही असा, मग न्यूयॉर्कने, आणि त्याच डिसेंबरमध्ये न्यू जर्सीने. म्हणजे नातीचे ट्विस्ट शाळेला चालतात का हा प्रश्नच नाही.

शाळेपेक्षा आपल्याच लोकांचा त्रास जास्त, मला विचाराल तर. कुठल्याही कार्यक्रमात गेलं की चार हात डोक्यात, "अय्या स्पंजसारखे!", "सरळ करून घे ना एकदाचे." एक तास खपून घातलेले ट्विस्ट विस्कटतात ते वेगळंच. मागच्या महिन्यात लेकीने स्वतःच हात वर करून सांगितलं, "मावशी, बघायचं, हात नाही लावायचा." मावशींना राग आला. येऊ दे.

काकू, रविवारी या नातीला घेऊन, सोबत तिचं नेहमीचं कंडिशनर आणि तिला आवडतो तो कार्टून लावलेला टॅब्लेट. तुम्ही कंगवा आणू नका. तो बारीक दातांचा तर नकोच.