१०८ च्या गाडीतून नववीच्या वर्गात: माझा अनुभव

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या एका ठाण्यावर १०८ च्या रुग्णवाहिकेत डॉक्टर म्हणून काही वर्षं काढली. आता एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला आरोग्यसेवा हा व्यवसाय विषय शिकवते. जुन्या सहकाऱ्यांचे फोन येतात, ‘हे कसं जमवलंस गं?’ म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

१०८ राज्यात २०१४ मध्ये आली. गाडीत दोघंच, डॉक्टर आणि पायलट (ड्रायव्हरला आमच्यात पायलटच म्हणतात). काम नकोसं झालं होतं असं नाही. रात्रपाळ्या आणि घरी लहान पोर हे कारण होतंच. पण जास्त टोचायचं ते वेगळंच. आम्ही पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. फुरसं चावलेला पाय सुतळीने करकचून आवळलेला. फिट आलेल्याच्या नाकाशी चप्पल. बेशुद्ध मोटारसायकलवाल्याला चौघांनी धरून बसवलंय आणि पाचवा पाणी पाजतोय. माया सगळ्यांनाच असते, पण त्या मिनिटांत काय करायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेखालच्या व्यवसाय शिक्षणात प्रशिक्षकाची नेमणूक शाळा सहसा थेट करत नाही. ती एजन्सीमार्फत होते आणि कंत्राटी असते. माझ्याकडे बी.एड. नव्हतं, कोणी मागितलंही नाही. पदवी, डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी आणि अनुभवाचं पत्र लागलं. ते पत्र राजीनामा देतानाच हातात घ्या, नंतर फेऱ्या मारत बसावं लागतं.

मुलाखतीनंतर डेमो पाठ. विषय मिळाला ‘हात धुणे’. सोपा वाटतो, पण हात धुवावेत हे कोणाला माहीत नसतं? मी फळ्याला हातच लावला नाही. समोर बसलेल्यांच्या हातांना तेलात कालवलेली हळद चोळली आणि म्हटलं, नेहमीसारखे धुऊन या. आले. तळवे स्वच्छ, पण नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या आणि अंगठ्याची मागची बाजू पिवळी ती पिवळीच. पुढे मला बोलावंच लागलं नाही. त्यानंतर प्रशिक्षकांचं प्रशिक्षण झालं. त्यातला निम्मा वेळ तक्ते भरण्यात जातो, तयारी ठेवा.

खरी परीक्षा सीपीआर शिकवताना, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबत राहणं. गाडीत बोलणं म्हणजे हुकूम असतो: मान हलवू नका, सलाईन वर धरा, बाजूला व्हा. वर्गात ते चालत नाही. दाब पाच ते सहा सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे मुलं दोन दिवसांत पाठ करतात. पण सरावाच्या पुतळ्यावर बसवली की एकेक गंमत दिसते. एका किडकिडीत मुलीचे कोपर दर दाबाला वाकत होते. माझे हात शिवशिवत होते. गाडीत असते तर तिला सरकवून मीच सुरू केलं असतं. इथे हात मागे बांधून नुसतं विचारलं, ‘जोर कुठून येतोय?’ तिने विचार केला, गुडघे पुतळ्याला भिडवले, खांदे बरोबर हातांवर आणले आणि दाब पुरेसा झाला की वाजणारी पुतळ्यातली क्लिक ऐकू आली. असं थांबून राहणं मला सगळ्यात जड गेलं. कुठल्याही प्रशिक्षणात ते शिकवत नाहीत.

विंचवाच्या पाठाआधी घरी काय करतात ते लिहून आणायला सांगितलं. चुना, कांदा, मंत्र, सगळं आलं. मी हसले नाही, कुणाला हसूही दिलं नाही. मग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगितलं. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध त्यांनी इथेच, आपल्याच माणसांवर उपचार करताना वापरलं आणि जगाने त्याची दखल घेतली. मुलांना महाड ठाऊक असतं, त्यामुळे कान टवकारतात. वेदना कमी म्हणून विष कमी असं नाही. दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले की थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, एवढं घरी जाऊन सांगा म्हटलं.

पालकसभेत मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ समजावलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं, अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं. एक काका म्हणाले, ‘मॅडम, कलम बरोबर आहे. रात्री दोन वाजता घाटात पोलिसाला ते वाचून कोण दाखवणार?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हटलं, निदान १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत तिथे थांबा.

पगार गाडीपेक्षा कमी आहे आणि वेळेवर येईलच असं नाही. घरी दुसरी मिळकत असेल तरच उडी मारा. कंत्राट दर वर्षी नव्याने होतं, म्हणून नोंदणीचं नूतनीकरण मी चुकवत नाही. कधी परत गाडीवर जावं लागलं तर कागद तयार असलेले बरे.