आज वर्ग दोन ठिकाणी भरला

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४० फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि सकाळीच भिलवडीकडच्या मुलांचे मेसेज आले, "सर, एसटी बंद." एम.ए. भूगोलाचा तास. २२ जण समोर, १९ जण घरून ऑनलाइन.

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉप टेबलावर ठेवून शिकवलं होतं. मी फळ्याकडे वळलो की घरून ऐकणाऱ्यांना माझा आवाज जायचा नाही, बाकावरचा प्रश्न तर कधीच पोचला नाही. ते मनाला लागून राहिलं होतं.

आज माईक बाकांवरून फिरवला. वर्गात एकच माईक, एकच स्पीकर चालू. नाहीतर आवाज घुमतो. एका मुलाकडे फक्त चॅट वाचायचं काम. बाकावरचे आणि घरचे अशा जोड्या लावून पाणीपातळीचा आलेख एकाच गुगल शीटवर काढायला दिला.

भिलवडीची एक मुलगी, एरवी मागं गप्प बसणारी. तिनं गच्चीवर जाऊन मोबाईल नदीकडे फिरवला. "सर, काल घाटाच्या वरच्या पायऱ्या दिसत होत्या." वर्ग चिडीचूप. मग सगळे तिलाच विचारू लागले. कोयनेतून सोडलेलं पाणी तिथं कधी पोचतं, तिनं आजोबांना विचारून सांगितलं. तास संपला तरी कुणी उठेना.